सिस्टर म्हणाल्या, "वाढवायच्या म्हण" (आपत्तीतली डॉक्टरकी)

जुना_इंटर्न

ओळखीतल्या एका मुलाचा परवा फोन आला. त्याची इंटर्नशिप चालू आहे. पुरात कुठे गरज लागली तर जायचं म्हणून दहा-बारा जणांनी गट केलाय. "काका, तुम्ही भूकंपात किल्लारीला होतात ना? सोबत काय काय ठेवायचं ते सांगा." सांगितलं. हातमोजे दुप्पट न्या, ओआरएस न्या, टॉर्चचे सेल न्या, स्वतःचं जेवण-पाणी स्वतः न्या, कात्र्या दोन न्या कारण एक हरवतेच. फोन ठेवला आणि लक्षात आलं की मुख्य गोष्ट राहिलीच. ती फोनवर सांगता आलीही नसती, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावोगावचे लोक गणपती बोळवून उशिरा आडवे झालेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं खाली बसली. अक्षरशः खाली बसली. दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचं जाडजूड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. भिंत सुटली की ती सगळी माती झोपलेल्या माणसाच्या अंगावर. जवळजवळ १० हजार माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

आम्ही दुपारी पोचलो. जीपमध्ये पाच इंटर्न, बार्शीकडच्या एक इन्चार्ज सिस्टर आणि औषधांची खोकी. पाऊस लागलेला. पटांगणात ताडपत्री ताणून एक टेबल टाकलं. माझ्यापुढे एक बाई आली, पंचविशीची असेल. डावा हात मनगटाच्या वर मोडलेला, कोपरापर्यंत टम्म सुजलेला, आणि त्या सुजेत हिरव्या काचेच्या बांगड्या रुतून बसलेल्या. बोटं निळसर पडायला लागली होती. सूज वाढायच्या आत अंगठ्या, बांगड्या काढा, हे तर पहिल्या वर्षापासून घोकलेलं. मी बांगड्यांवर गॉज धरला, आर्टरी फोरसेप्स घेतली आणि पहिली बांगडी फोडली.

तोवर ती बाई गप्प होती. मोडका हात मी इकडचा तिकडे केला तेव्हाही हूं की चूं नाही. काच वाजली आणि तिने हात हिसकावून छातीशी धरला. "नगं! नगं फोडू! अजून गावलं न्हाईत ते!"

मला काही उमगलं नाही. मला वाटलं, दुखलं. मी आवाज चढवला, "बाई, हात कापावा लागेल, कळतंय का?"

सिस्टरनी माझ्या हातातली फोरसेप्स काढून घेतली. "डॉक्टर, तुम्ही जरा बाजूला व्हा." मग त्या तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. तिचा डोक्यावरचा पदर घसरला होता तो आधी नीट केला. नाव विचारलं. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही, "धाकल्याचे बाप" म्हणाली. ते रात्री रानात राखणीला गेले होते की घरातच होते, तिला काही आठवत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "हातात रक्त जाईना झालंय बघ. ह्या हातातल्या वाढवू या. त्या हातातल्या तशाच राहू देत. सूज उतरली की ह्या हातात पुन्हा भर. चालंल?" तिने मान हलवली. दोन बांगड्या साबण लावून तशाच निघाल्या. बाकीच्या सिस्टरनी कापडात धरून एकेक वाढवल्या, दर वेळी आधी तिच्याकडे बघून. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "फोडत नसतात त्या. वाढवायच्या म्हण."

सवाष्णीची बांगडी 'वाढते', हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आजी रोज असंच बोलायची. पण जीपमध्ये चढताना मी स्टेथोस्कोप बरोबर घेतला आणि हे घरी ठेवून गेलो.

वेळ किती जास्त लागला? दोन मिनिटं. फार तर तीन.

तिचा नवरा सापडला का, ठाऊक नाही. संध्याकाळी तिला ट्रकने सोलापूरला पाठवलं. सिस्टरनी नाव विचारलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो, ऐकलंही होतं. कागदावर मात्र मी लिहिलं, 'स्त्री, २५, डाव्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली'.

आपत्तीत काम केलेले आणि आपत्ती सोसलेले, दोन्ही इथे असतील. लिहा.

---

तिखटमीठ

वाचून नुसती बसून राहिले. सिस्टरना नमस्कार सांगा, असतील तर.

---

माळवद

मी सास्तूरच्या बाजूचा. तेव्हा नऊ वर्षांचा होतो. (आयडी बघून कळलंच असेल.)

आधी एक तक्रार. तुम्ही सगळे 'किल्लारीचा भूकंप' म्हणता. पेपरात किल्लारी, टीव्हीवर किल्लारी, त्यामुळं ट्रक पण सगळे किल्लारीकडंच. सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, पेठसांगवी, तळणी, ही पण गावंच होती की. पुण्यात कॉलेजला कुणी विचारलं तर मी पण शेवटी 'किल्लारीजवळ' सांगायला लागलो.

आता डॉक्टर लोकांबद्दल. राग नाही, पण आठवणी आहेत. माझ्या आजीच्या पायाला जखम होती. तीन दिवसांत चार वेगवेगळ्या गाड्या आल्या आणि चौघांनी तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. कुणी कागदाचा चिटोरा दिला नाही. आजी दर वेळी सांगायची, "दिलंय बाबा, काल दिलंय." एक जण तिच्यासमोरच दुसऱ्याला म्हणाला, "यांना कसलं लक्षात राहतंय, दे तू." तिला पन्नास वर्षांपूर्वीचं कुणाचं किती कर्ज होतं ते पाठ होतं! पाचवी गाडी आली तेव्हा आजीनं चंचीतला चुना काढला, दंडावर चार बोटं ओढली आणि बाही वर करून बसली. त्या डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. त्यांनी चार बोटं मोजली, वहीत लिहिलं, आणि एका पुठ्ठ्यावर लिहून तिला दिलं. तो पुठ्ठा आजीनं पत्र्याच्या शेडमध्ये देवाजवळ ठेवला होता.

कपडे तर ट्रकवरून भिरकावायचे. ज्याच्या अंगावर पडेल त्याचं. मला लाल स्वेटर आला, पुढं मोत्याची बटणं. पोरीचा. आईच्या वाट्याला नायलॉनचा गाऊन. लुगड्यातल्या बाईनं चार लोकांत गाऊन कसा घालायचा? तिनं त्याचं पोतेरं केलं.

एक माणूस मात्र नीट लक्षात आहे. कुठला डॉक्टर होता माहीत नाही. आल्या आल्या त्यानं विचारलं, "गावात औषध कोण देतं?" आमच्याकडं एक डॉक्टर होते, डिग्री काय होती देव जाणे. दवाखाना पडलेला, थोरली मुलगी गेलेली, ते नुसते लिंबाखाली बसून होते. यानं त्यांना हाताला धरून आणलं, शेजारी खुर्ची दिली. मग गावकरी आमच्या डॉक्टरांना सांगायचे आणि ते याला सांगायचे. कुणाला दमा, कुणाला फीट, कोण पाच महिन्यांची पोटुशी, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या दिवशी संध्याकाळी ते पहिल्यांदा जेवले.

---

शिवण_टाके

धागा चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. मी सर्जन आहे. ज्या दिवशी दोनशे जखमी आणि चार डॉक्टर असतात, त्या दिवशी नाव विचारणं, पदर सावरणं ही चैन असते. एका माणसामागे मिनिटभर मिळतं. श्वास बघा, नाडी बघा, सांगितलेलं समजतंय का बघा, पट्टी बांधा, पुढे चला. तुम्ही 'दोन मिनिटं' म्हणता, त्या दोन मिनिटांत मागचा एखादा दगावू शकतो.

उदाहरण देतो. ढिगाऱ्याखाली मांडी कित्येक तास दबलेला माणूस. शुद्धीत असतो, बोलत असतो, पाणी मागतो. लोक घाईने तुळई उचलून त्याला ओढून काढतात, टाळ्या वाजतात, आणि थोड्या वेळात तो जातो. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि बाकीचं विष दाब सुटल्याबरोबर रक्तात उसळतं. कधी हृदय थांबतं, कधी दोन दिवसांनी मूत्रपिंडं बसतात. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांच्या काळात, १९४१ मध्ये, हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. उपाय साधा आहे: बाहेर काढायच्या आधीच, तो ढिगाऱ्यात असतानाच, सलाईन चालू करा. नॉर्मल सलाईन. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. हे माहीत असलेला एक उद्धट डॉक्टर हे माहीत नसलेल्या दहा प्रेमळ स्वयंसेवकांपेक्षा बरा.

---

जुना_इंटर्न

@शिवण_टाके, सलाईनचा मुद्दा सोळा आणे खरा. आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं. कुणी त्यामुळे गेलं का, याचा विचार मी करत नाही. म्हणजे, करतो.

पण माझी बाई बांगड्यांसाठी हात घट्ट धरून बसली होती. सिस्टर आल्या नसत्या तर मी किमान दहा मिनिटं झटापट करत राहिलो असतो आणि मोडलेलं हाड आणखी सरकवलं असतं. तेव्हा वेळ सिस्टरनी वाचवला, मी घालवला.

आणि तुमच्या त्या मिनिटाच्या वर्गवारीबद्दल. जखमींना गंभीरतेप्रमाणे लावायचे टॅग: लाल, पिवळा, हिरवा, काळा. काळा टॅग मीही लावलाय. 'याच्यासाठी आता काही करता येणार नाही' असं ठरवून आपण पुढे जातो, जावंच लागतं. पण काळा टॅग लावलेला माणूस कधी कधी अजून ऐकत असतो. त्याला वेदनाशामक मिळायला काय हरकत? त्याच्या तोंडावर पाऊस पडत असेल तर कुणी तरी ताडपत्री धरायला काय हरकत? त्याला सर्जन लागत नाही. आमच्याकडे जीपचा ड्रायव्हर बसला होता असा एकाजवळ. तासभर. काही बोलला नाही, नुसता हात धरून होता.

---

शिवण_टाके

ड्रायव्हर मान्य.

---

कृष्णाकाठची

मी सांगलीची. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आम्ही शाळेत होतो, एका वर्गात अकरा कुटुंबं.

पूर आणि भूकंप यांची डॉक्टरकी वेगळी. पुरात जखमा कमी. चिखल्या, खरूज, जुलाब, ताप आणि सगळ्यात जास्त म्हणजे बुडालेल्या गोळ्या. बीपीच्या, शुगरच्या, थायरॉईडच्या. "कुठली गोळी घेता?" "पांढरी, बारीक." आता यावर डॉक्टर तरी काय करणार बिचारे.

एक प्रसंग सांगते. लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन वाटप चालू होतं. ही गोळी गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देत नाहीत, म्हणजे विचारणं भागच. विचारायचे कसे? व्हरांड्यात रांग, बायका-पुरुष एकत्र, मागे सासरे उभे, आणि टेबलामागचा मुलगा मोठ्याने, "पाळी कधी आली होती? प्रेग्नंट आहे का?" प्रत्येकीला. आमच्या वर्गात एक नवी सून होती, चार महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. ती खाली मान घालून "नाही" म्हणाली आणि गोळी घेऊन आली. रात्री आमच्या आशाताईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं. पाळी चुकलेली होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पहिलंच, आणि त्यात हा पूर. नशीब, गोळी तिने खाल्ली नव्हती, पदराला बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि आशाताईंनी दोन बाकं उभी केली, वर माझी साडी टाकली, आड केला. बायकांना एकेक करून आत. तो मुलगा वाईट नव्हता हो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्याने स्वतः सुतळी आणून दिली.

आणि आशाताई! त्यांचं स्वतःचं घर छपरापर्यंत पाण्यात होतं. बाहेरून आलेल्या प्रत्येक टीमने शाल-श्रीफळ घेतलं, त्यांना कुणी विचारलं नाही.

---

दोन_वेळा_जेवणानंतर

मी फार्मासिस्ट आहे (आयडी त्यामुळेच). पूरग्रस्तांसाठी आलेली औषधं वर्गवार लावायचं काम मी दोनदा केलंय, ठिकाण सांगत नाही.

लोकांना वाटतं, औषध म्हणजे औषध. खोकं उघडलं की काय निघतं? कापलेल्या अर्ध्या पट्ट्या, म्हणजे ज्या टोकाला मुदत आणि बॅच नंबर होता ते टोक गेलेलं. डॉक्टरांकडची सॅम्पल्स, प्रत्येकात दोन-दोन गोळ्या. फुटलेल्या सिरपने चिकट झालेले डबे. कुणाच्या तरी वारलेल्या वडिलांची हृदयाची औषधं, प्रेमाने पिशवीत बांधून, वर 'उपयोग व्हावा' अशी चिठ्ठी. ती पिशवी बाजूला टाकताना मला फार जड गेलं. पण टाकली.

आर्मेनियात १९८८ च्या भूकंपानंतर ५ हजार टन औषधं आली. ती नुसती लावायला ५० माणसांना सहा महिने लागले. जेमतेम तीस टक्के झटकन ओळखता येण्यासारखी होती, बाकीच्यांवर कुठल्या कुठल्या भाषांतली नावं. असे अनुभव आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम काढले. पोचल्यावर किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी, मागितलेलंच पाठवा, आणि जे तुमच्या देशात चालत नाही ते दुसऱ्याला देऊ नका. शेवटचा मला सगळ्यात आवडतो. तुमच्या पोराला जी गोळी तुम्ही देणार नाही, ती पूरग्रस्ताच्या पोराला का?

आणि जाता जाता: गोळ्या वर्तमानपत्राच्या पुडीत देऊ नका. कागदी पाकीट घ्या, त्यावर नाव लिहा, सूर्य-चंद्र काढा. सकाळी सूर्य, रात्री चंद्र. पुडी उघडल्यावर पांढरी कुठली आणि पिवळसर पांढरी कुठली, हे कंदिलाच्या उजेडात मलाही कळणार नाही.

---

हिशेबनीस

सगळं पटतंय, पण मी पैसे उभे करण्याच्या बाजूला असतो म्हणून विचारतो. फोटो नाही टाकले तर देणगी येत नाही, हे कटू सत्य आहे. "आम्ही २०० रुग्ण तपासले" या ओळीला कुणी हजार रुपये देत नाही. रडणाऱ्या आजींच्या फोटोला देतात. मग काय करायचं?

---

कृष्णाकाठची

रडणाऱ्या आजींना विचारायचं.

---

माळवद

माझा फोटो आलाय एका पेपरात. तो लाल स्वेटर घातलेला. खाली लिहिलेलं, 'अनाथ बालक'. माझे आई-वडील दोघंही शेडच्या मागं चूल पेटवत होते. आजपर्यंत मित्र चिडवतात. हसतो मी, पण आईला तो फोटो अजून दाखवलेला नाही.

---

जुना_इंटर्न

@हिशेबनीस, प्रश्न खोटा नाही. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये मदतकार्याची दहा कलमी आचारसंहिता केली. तिचं दहावं कलम नेमकं तुमच्या खात्याचं आहे: आपल्या प्रसिद्धीत आणि जाहिरातीत आपद्ग्रस्तांना दीनवाणे जीव म्हणून दाखवायचं नाही, मानी माणसं म्हणून दाखवायचं. शेवटचं कलम हे ठेवावं लागलं, म्हणजे दुखणं जुनंच.

माझा अनुभव असा की माणसं फोटोला नाही म्हणत नाहीत. समोर औषध असताना कोण नाही म्हणेल? म्हणून औषध देऊन झाल्यावर विचारावं, आधी नाही. आणि फोटोखाली नाव टाकायचं की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावं. काहींना टाकायचं असतं! एका आजोबांनी मला बजावून सांगितलं होतं, नाव पूर्ण लिहा, गावासकट.

---

मुक्काम_पोस्ट_डब्लिन

परदेशातून येऊन काम करायची इच्छा असणाऱ्यांनी काय करावं? मी नर्स आहे, दरवर्षी पावसाळ्यात बातम्या बघून तळमळ होते.

---

शिवण_टाके

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपत्ती आल्यावर विमानात बसू नका. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातून वैद्यकीय गट पोचले. त्यातल्या काहींनी हात-पाय कापले आणि पुढची सोय न लावता परत गेले. कागद नाहीत, पुन्हा बघणारं कुणी नाही. त्यानंतरच जागतिक आरोग्य संघटनेने अशा गटांसाठी किमान अटी ठरवल्या: स्वतःचं पाणी, वीज, निवारा घेऊन या, स्थानिक यंत्रणेकडे नोंद करा, केलेल्या प्रत्येक कामाचा कागद ठेवा.

तुम्ही नर्स आहात, म्हणजे सोन्यासारख्या आहात. पूर नसताना या. एखाद्या ग्रामीण रुग्णालयात पंधरा दिवस जखमा धुवायला शिकवा. पुढच्या पुरात तुम्ही डब्लिनमध्ये असलात तरी काम झालेलं असेल.

(धाग्याच्या सुरुवातीला मी उद्धट डॉक्टरची बाजू घेतली होती, हे मला आठवतंय.)

---

कोष्टक

मृतांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी न्यायवैद्यक विभागात आहे.

प्रत्येक आपत्तीत एक वाक्य ऐकू येतं: "प्रेतं लवकर उरका, नाहीतर रोगराई पसरेल." भूकंपात किंवा पुरात दगावलेली माणसं रोगाने गेलेली नसतात. त्यांच्या देहांमुळे साथ येत नाही. साथ येते ती जिवंत माणसांच्या दूषित पाण्याने, उघड्यावरच्या शौचाने आणि दाटीने. पिण्याच्या पाण्यात मृतदेह असेल तर तो काढायलाच हवा, तो प्रश्न वेगळा. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस यांनी मिळून यावर एक पुस्तिकाच काढली, प्रामुख्याने पहिल्यांदा पोचणाऱ्या सामान्य स्वयंसेवकांसाठी. घाईने सामुदायिक दहन-दफन करू नका, आधी प्रत्येक देहाला क्रमांक द्या, चेहऱ्याचा, कपड्यांचा, खाणाखुणांचा फोटो घ्या, अंगावरच्या वस्तू त्याच क्रमांकाने ठेवा. मोबाईल असलेला कुणीही माणूस हे करू शकतो.

यात भावनेचा भाग आहेच. पण कागदाचाही आहे. मृत्यूचा दाखला नाही म्हणजे भरपाई अडली, सातबारा अडला, विमा अडला. बाई ना विधवा ना सवाष्ण.

---

माळवद

@कोष्टक, तुमची शेवटची ओळ दोनदा वाचली.

आमच्याकडं पावसात लाकडं मिळेनात. पडलेल्या घरांच्याच तुळया, चौकटी, दारं काढून चिता रचल्या. एकेका चितेवर किती जण, कुणी मोजलं नाही. माझे आजोबा कुठल्या चितेत होते माहीत नाही. आजी सांगायची, "आपल्याच दाराच्या लाकडानं गेले." तिला तेवढं समाधान होतं. ते खरं होतं का, कुणी विचारलं नाही.

लोकांनी घाई केली म्हणून त्यांना दोष देत नाही मी. बाहेरच्या माणसांनी जे उरकलं, ते उरकलं नसतं तर आम्हाला स्वतःला जमलं नसतं. पण नंबर टाकायला हवे होते. बरोबर आहे तुमचं.

---

रानजाई

मी समुपदेशक आहे, एकच गोष्ट. आपत्तीनंतर मन मोकळं करायला लावायची फार हौस असते. एक टीम येते, मुलांना कागद-रंग देते, "त्या रात्री काय झालं ते काढा." मुलं काढतात. दुसऱ्या दिवशी दुसरी टीम, तोच कागद, तीच रात्र. दरडीनंतरच्या एका शिबिरात एका मुलीने मला विचारलं होतं, "ताई, आज पण तेच काढायचं का? की फूल काढलं तर चालेल?"

घटनेनंतर लगेच माणसाला सगळं पुन्हा सांगायला लावू नये, याबद्दल आता जागतिक पातळीवर एकमत आहे. २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीनच गोष्टी सांगितल्यात: बघा, ऐका, जोडून द्या. बोलायचं असेल तर ऐका. नसेल तर पाणी भरायला मदत करा.

फूल अर्थातच चाललं.

---

जुना_इंटर्न

सगळ्यांचे आभार. त्या मुलाला धाग्याची लिंक पाठवली. त्याचा मेसेज आला: "काका, सुतळी, जुन्या साड्या, पुठ्ठे, मार्कर पेन यादीत घातले." चुना नाही घातला म्हणाला.

@माळवद, एक विचारू का? त्या बाईला सिस्टरनी सांगितलं होतं की सूज उतरली की पुन्हा भर. तुमच्याकडे शेडमध्ये राहायला गेल्यावर बांगड्या वगैरे मिळायच्या का? विचित्र प्रश्न आहे, माहितीय.

---

माळवद

विचित्र नाही. रात्री आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही गेलो तेव्हा पहिला फेरीवाला आला तो कासारच. भाजीवाला पण नंतर आला. पेटी उतरवून बसला, पण बाया काही बाहेर येईनात. कुणी भरायच्या आणि कुणी नाही, कुणाचंच धड ठरलेलं नव्हतं. मग माझी आई गेली. ती गेल्यावर चार-पाच जणी आल्या. शेजारच्या काकू मात्र उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या. त्यांचा माणूस सापडलेला नव्हता.

भरून झाल्यावर कासाराला नमस्कार करतात, तो आईनं केला. कासार म्हणाला, "वहिनी, राहू द्या पैसे, तुमच्यावर काय वेळ आलीय." आई म्हणाली, फुकटच्या बांगड्या मी हातात ठेवायची नाही. वडिलांकडं पैसे नव्हते, तिनं आजीच्या चंचीतनं काढून दिले.

---

जुना_इंटर्न

किती झाले?

---

माळवद

मी पण तेच विचारलं. म्हणाली, "ते आता कशाला पाहिजे तुला?"